सात वर्षं म्हणजे नेमकी किती? ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड आणि वॉर्नर ब्रदर्सचा खटला

1943 सालच्या मे महिन्यात हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड हिचा वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा स्टुडिओशी असलेला सात वर्षांचा करार संपला. म्हणजे तिच्या हिशेबाने संपला. 5 मे 1936 ला सुरू झालेली सात वर्षं 5 मे 1943 ला भरतात, यात वाद कसला? पण स्टुडिओचं म्हणणं पडलं की नाही, अजून सहाएक महिने बाकी आहेत. तू मधूनमधून भूमिका नाकारत होतीस, तेव्हा आम्ही तुला निलंबित केलं होतं. तेवढे दिवस भरून दे आणि मग जा.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजोळचा गोठा आठवला. तिथे आतल्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा असायच्या. लहानपणी मला वाटायचं, कुणी पोरांनी ओढल्यात. ते सालगड्याचे खाडे होते. साल पाडव्याला सुरू व्हायचं आणि पाडव्याला संपायचं, पण रेघा असतील तर गड्याचा पाडवा पुढे सरकायचा. आजारपण असो, पोरीचं लग्न असो, नाहीतर मालकाशी भांडून घरी बसलेला दिवस असो, खाडा तो खाडा. हॉलिवूडमधला करार याहून फार वेगळा नव्हता. फरक इतकाच, की तिथल्या गड्याच्या अंगावर मखमली झगा होता आणि रेघा ओढणाऱ्याकडे पगारी वकील होते.

आधी तो करार काय होता ते नीट पाहू, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. नावाला सात वर्षांचा, पण बांधलेली बाजू एकच. स्टुडिओ पहिल्या वर्षापुरतं कबूल व्हायचा आणि पुढची सहा वर्षं एकेक करून वाढवायचा पर्याय स्वतःच्या हातात ठेवायचा. नट चालला नाही तर वर्षअखेरीला नारळ. चालला तर त्याला जागचं हलता येत नसे. पगार आठवड्यावर, वाढीचे टप्पे आधीच ठरलेले. 1934 मध्ये ऑलिव्हिया पहिल्यांदा करारबद्ध झाली तेव्हा तिला आठवड्याला 200 डॉलर मिळत होते. 14 एप्रिल 1936 च्या नव्या करारात सुरुवातच 500 डॉलरची होती. मंदीतल्या अमेरिकेत ही रक्कम थोडी नव्हती. त्यामुळे तक्रार करणाऱ्या नटीकडे लोक 'पोट भरलं की असं सुचतं' अशाच नजरेने पाहत. पण तिचं भांडण पैशाचं नव्हतंच.

भांडण भूमिकांचं होतं. कुठल्या सिनेमात काम करायचं ते स्टुडिओ ठरवणार. दुसऱ्या स्टुडिओला उसनी द्यायची की नाही, तेही स्टुडिओच ठरवणार, आणि उसनवारीवरचा नफाही त्याचाच. नटाने भूमिका नाकारली की निलंबन. पगार त्या दिवसापासून बंद. आणि निलंबन किती दिवसांचं? नाकारलेली भूमिका दुसऱ्या कुणाला देऊन तो सिनेमा पुरा होईपर्यंत ते चालू शकत असे. ते सगळे दिवस कराराच्या शेपटाला जोडले जात. म्हणजे नाही म्हणायची शिक्षा दुहेरी: आज पगार नाही आणि उद्या सुटका नाही. एखादा नट दरवर्षी दोनतीनदा नाही म्हणाला, तर त्याची सात वर्षं दहाची व्हायची, आणि दहाची बाराही झाली असती. कायद्याच्या भाषेत याला करार म्हणत. मराठीत याला जुना शब्द आहे, वेठ.

आता ऑलिव्हियाविषयी. 1 जुलै 1916 ला टोकियोत जन्म, आईवडील इंग्रज. तीन वर्षांची असताना आईने तिला आणि धाकट्या बहिणीला घेऊन कॅलिफोर्नियातलं साराटोगा हे छोटं गाव गाठलं. अठराव्या वर्षी दिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये हर्मिया ही भूमिका मिळाली. आधी बदली नटी म्हणून निवड झालेली, मग मूळ नटी गेली आणि हॉलिवूड बोलच्या प्रचंड खुल्या रंगमंचावर हीच उभी राहिली. वॉर्नर ब्रदर्सने तेच नाटक पडद्यावर आणलं आणि हिला कराराने बांधून घेतलं. 1935 साली 'कॅप्टन ब्लड' आला, एरॉल फ्लिनबरोबर. जोडी लोकांना आवडली आणि ऑलिव्हियाचं काम ठरून गेलं: गोड हसायचं, संकटात सापडायचं, नायकाने सोडवायचं. 1938 च्या 'रॉबिन हूड'मधली तिची मेरियन आजही बघवते, पण त्या एकाच साच्याच्या किती मेरियन कराव्यात? फ्लिनबरोबर तिचे आठ सिनेमे झाले.

आपल्याला याहून जास्त येतं हे तिला 'गॉन विथ द विंड'मध्ये कळलं. तो सिनेमा निर्माता डेव्हिड सेल्झनिकचा, वॉर्नरचा नव्हे. मेलनीची भूमिका तिला हवी होती आणि स्टुडिओचा प्रमुख जॅक वॉर्नर तिला सोडायला तयार नव्हता. तिने वॉर्नरच्या बायकोला, ॲनला, बेव्हर्ली हिल्सच्या ब्राउन डर्बीत चहाला बोलावलं आणि गळ घातली. साहेब ऐकत नसतील तर बाईसाहेबांकडून वशिला लावायचा, ही युक्ती जगात सगळीकडे सारखीच! वॉर्नर नमला. 1939 ला सिनेमा आला, सहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी तिचं नामांकन झालं. ते पारितोषिक त्याच सिनेमातल्या हॅटी मॅकडॅनियलला मिळालं. मेलनीचं काम आटोपून ती आपल्या स्टुडिओत परतली होती तेव्हा हातात काय? 'एलिझाबेथ अँड एसेक्स'मध्ये बेटी डेव्हिसच्या राणीमागे उभी असलेली सखी. दोन वर्षांनी पॅरामाउंटला उसनी गेली, 'होल्ड बॅक द डॉन' केला, तिथे प्रमुख अभिनेत्रीचं नामांकन. परत घरी आली की पुन्हा तेच. तिची उत्तम कामं परक्या घरी होत होती, हे तिच्यापेक्षा जास्त स्पष्ट कुणाला दिसणार? (त्या वर्षीचं ऑस्कर धाकटी बहीण जोन फॉन्टेन घेऊन गेली. या दोघींच्या वैरावर इतकी शाई सांडली आहे की इथे आणखी नको.)

मग ती नाही म्हणू लागली. निलंबनं झाली. खाडे साठत गेले.

याच स्टुडिओशी आधी एक झुंज झाली होती आणि ती सगळ्यांच्या लक्षात होती. 1936 साली बेटी डेव्हिस भूमिकांना कंटाळून इंग्लंडला निघून गेली आणि तिथल्या निर्मात्याबरोबर काम करायला निघाली. वॉर्नरने लंडनच्या न्यायालयात खेचलं. स्टुडिओच्या वकिलाने तिला हट्टी पोरीच्या पातळीवर आणून ठेवलं, आणि स्टुडिओला मनाई हुकूम मिळाला. डेव्हिस हरली, कर्जात बुडून परतली. हॉलिवूडने त्यातून घेतलेला धडा साधा होता: स्टुडिओशी कोर्टात लढू नये.

याच सुमाराला इकडे पुण्यात काय चाललं होतं? 1939 साली शांता आपटे प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, कंपनीशी झालेल्या वादातून. पडद्यावर 'कुंकू'मधली बंडखोर नीरा रंगवलेली बाई खरोखरीच रस्त्यावर बसली याची तेव्हा केवढी चर्चा झाली असेल! कोर्ट की फाटक, हे ज्याच्या त्याच्या देशाचं हत्यार. पण मासिक पगारावर नट बाळगणारी कंपनी आणि आपली किंमत कळू लागलेली नटी, हा पेच पुण्यात आणि वॉर्नरच्या बरबँकमध्ये एकाच दशकात उभा होता.

पुन्हा ऑलिव्हियाकडे. डेव्हिसच्या खटल्यात आणि हिच्या खटल्यात एक फरक होता, आणि माझ्या मते सगळं यश त्या फरकात आहे. डेव्हिस मुदत चालू असताना पळाली होती. ऑलिव्हिया कॅलेंडरवरची मुदत संपेपर्यंत थांबली. तिचा वकील मार्टिन गँग (नाव असं असलं तरी माणूस सरळ होता) याने तिच्यापुढे कॅलिफोर्नियाचा एक कायदा ठेवला. श्रम संहितेचं कलम 2855. त्याचा आशय असा: वैयक्तिक सेवेचा करार, सेवा सुरू झाल्यापासून सात वर्षांच्या पुढे, नोकराविरुद्ध अंमलात आणता येणार नाही. हा कायदा सिनेमासाठी केलेला नव्हताच. 1872 मध्ये तो आला तेव्हा मर्यादा दोन वर्षांची होती; 1919 ला ती पाच झाली, 1931 ला सात. माणसाने स्वतःला किती काळ बांधून द्यावं याची ती वेस होती. ही वेस सरकत सरकत नेमकी स्टुडिओंच्या नेहमीच्या कराराइतकी लांब झाली, हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही. पण तो वेगळा विषय.

तर प्रश्न उरला एकच. सात वर्षं म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरची सात वर्षं, की प्रत्यक्ष कामाची? स्टुडिओ म्हणणार: सेवा सुरू झाल्यापासून म्हणजे सेवेची सात वर्षं, निलंबनात सेवा कुठे होती? गँग म्हणाला: कायदा सुरुवातीचा दिवस सांगतो आणि सात वर्षं सांगतो, मधल्या खाड्यांचा त्यात उल्लेखच नाही. इतक्या मोठ्या उद्योगाचं इतक्या वर्षांचं वहिवाटीचं गणित या एका वाक्याच्या वाचनावर उभं होतं आणि तोवर कुणी नटाने ते न्यायाधीशापुढे शेवटपर्यंत वाचून घेतलेलं नव्हतं.

23 ऑगस्ट 1943 ला दावा दाखल झाला. नुकसानभरपाईचा नव्हे, नुसत्या घोषणेचा: माझा करार संपला आहे असं न्यायालयाने जाहीर करावं. ही चाल मला फार आवडते. पैसे मागितले असते तर 'हावरी नटी' ही बातमी तयारच होती. तिने पैसे मागितलेच नाहीत. फक्त तारीख मागितली.

नोव्हेंबरमध्ये लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात सुनावणी झाली. तिथला एक प्रसंग तिने म्हातारपणी मुलाखतीत सांगितला आहे. गँगने बजावलं होतं की रडायचं नाही, चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. स्टुडिओचे वकील तुला चिडवायलाच येणार आहेत. ते आलेच. अमुक तारखेला अमुक सेटवर यायला तू बेदरकारपणे नकार दिलास, हे खरं ना? ती शांतपणे म्हणाली, अजिबात नाही. मी नकार दिला नाही. मी ती भूमिका घेण्यास असमर्थता कळवली. इंग्रजीतले दोन शब्द, एक हट्टाचा आणि एक सभ्यतेचा, आणि तिने दुसरा उचलला. आपल्या सरकारी पत्रव्यवहारात 'नकार' आणि 'असमर्थता' यांतला फरक ज्यांना माहीत आहे, त्यांना या उत्तरातली गंमत वेगळी सांगायला नको. डेव्हिसला लंडनमध्ये चिकटवलेलं हट्टी पोरीचं लेबल इथे चिकटलंच नाही.

मार्च 1944 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. वॉर्नरने अपील केलं. 8 डिसेंबर 1944 ला अपील न्यायालयानेही तिचीच बाजू उचलून धरली: सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. स्टुडिओचा एक मुद्दा वरकरणी बळकट होता: निलंबनाचे दिवस जोडले जातील हे करारातच लिहिलं होतं आणि बाईने सही केली होती, मग आता ओरड कशाची? न्यायालयाचं उत्तर मी प्रकरणाचा गाभा मानतो. हा कायदा एका नोकराच्या सोयीसाठी नाही, सार्वजनिक हितासाठी आहे. तो कुणाला आपल्या सहीने सोडून देता येत नाही. तशी सोय ठेवली तर प्रत्येक मालक पहिल्याच दिवशी ती सही घेईल आणि कायदा कागदावरच राहील. न्यायालयाने आणखी एक गोष्ट नोंदवली: अनुभव आणि कसब वाढेल तसं माणसाला वर सरकायची, आपल्या कामाचं जास्तीत जास्त मोल मिळवायची वाजवी संधी हवी. 1945 च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉर्नरचं अपील ऐकायला नकार दिला. इथे 'नकार' हाच शब्द योग्य.

निकालाची गोष्ट इथे संपते, पण त्याची किंमत दावा पडल्या दिवसापासूनच चुकती होऊ लागली होती. जॅक वॉर्नरने दीडशेच्या आसपास कंपन्यांना पत्रं धाडली: ही बाई आमच्या कराराखाली आहे, हिला काम देऊ नका. कोर्टात अर्धवट लटकलेल्या नटीला घेऊन कोण स्वतःचा सिनेमा अडकवील? जवळपास दोन वर्षं ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. सिनेमात सत्तावीस ते एकोणतीस ही नटीच्या वयातली कोणती वर्षं असतात ते वेगळं सांगायला हवं का? वकिलाचा खर्च 13,000 डॉलरच्या घरात गेला. बेटी डेव्हिस हरली तेव्हा तिला निदान लगेच कामावर परत घेतलं होतं. ही हरली असती तर सहा महिन्यांची वेठ अधिक दोन वर्षांची उपासमार, आणि पुढे प्रत्येक स्टुडिओच्या फाटकावर तिचं नाव लाल शाईत.

त्या रिकाम्या काळात ती लष्करी इस्पितळांतून फिरली. महायुद्ध चालू होतं. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवर आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये जाऊन जखमी सैनिकांच्या खाटांशी बसत होती. फिजीत तिला न्यूमोनिया झाला आणि स्वतःच इस्पितळात पडून राहिली. ती अमेरिकेची नागरिक झाली होती 1941 च्या नोव्हेंबरअखेरीस, पर्ल हार्बरच्या जेमतेम नऊ दिवस आधी. या दौऱ्यांकडे प्रसिद्धी म्हणून पाहणारे आहेत. असेल थोडी. पण काम नसलेल्या नटीला घरी बसून वर्तमानपत्रात स्वतःच्या खटल्याची बातमी वाचण्यापेक्षा हे बरं वाटलं असेल, आणि त्यात चूक काय?

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सिनेरसिकांना ठाऊक आहे. पॅरामाउंटच्या 'टू ईच हिज ओन'साठी तिला 1946 सालचं ऑस्कर मिळालं. 1948 ला 'द स्नेक पिट', मनोरुग्णालयातल्या बाईची कथा, जी जुन्या घरी तिला कुणी दिलीच नसती. 1949 ला 'द एअरेस', दुसरं ऑस्कर. खटल्यानंतरच्या पाचेक वर्षांतली ही कमाई. स्टुडिओच्या गणिताने ती सात वर्षांनी सुटायला नको होती, आणि नटी म्हणून तिची खरी सुरुवात सुटल्यानंतर झाली.

या निकालाने स्टुडिओंची सद्दी मोडली, असं अनेक लेखांत सरसकट लिहिलेलं असतं. मला ते जास्तीचं वाटतं. 1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंना आपली थिएटरं विकायला लावणाऱ्या वाटेवर ढकललं, मग टीव्ही आला, मग दलालांनी नटांना पगाराऐवजी नफ्यातला वाटा मागायला शिकवलं. ऑलिव्हियाच्या निकालाने भिंत पाडली नाही. रेघा ओढायचा कोळसा काढून घेतला, एवढंच. सात वर्षांचे करार त्यानंतरही होत राहिले, फक्त ते सात वर्षांनी संपू लागले. युद्धावर गेलेल्या नटांची गैरहजेरीची वर्षं कराराला जोडायचा मार्गही त्यामुळे बंद झाला.

आणि धनदांडगे स्वस्थ बसत नाहीत. 1987 मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांनी याच कलमात दुरुस्ती करून घेतली. गायकाला सात वर्षांनी जाता येतं, पण कबूल केलेले अल्बम दिले नसतील तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. थोडक्यात गायकांचे खाडे परत भिंतीवर आले. जॅरेड लेटोच्या 'थर्टी सेकंड्स टू मार्स' या बँडने 2008 मध्ये सात वर्षांच्या नियमाकडे बोट दाखवून बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा कंपनीने 3 कोटी डॉलरचा दावा ठोकला. पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. टीव्हीतल्या नटांना मात्र हे कलम अजून पुरतं. 2012 च्या जुलैत 'मॉडर्न फॅमिली'च्या कलाकारांनी वाढीव मानधनाची बोलणी फिसकटल्यावर याच नियमावर बोट ठेवून कोर्टात धाव घेतली. काही दिवसांत वाढ मिळाली आणि दावा गुंडाळला गेला.

आपल्याकडे असं वर्षं मोजणारं कलम नाही. आपला 1872 चा करार कायदा, कलम 27, धंद्याला आडकाठी करणारी अट रद्दबातल ठरवतो, पण मुदत चालू असताना आणि मुदत संपल्यावर यांत न्यायालयं फरक करतात. श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण याचं चांगलं उदाहरण. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीने करारात घातलं होतं की मुदत संपल्यावरही दुसऱ्याशी जाण्याआधी पहिला हक्क आमचा. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट मुदतीनंतर चालणार नाही असं सांगितलं. मुदत संपली म्हणजे संपली, या मुद्द्यावर लॉस एंजेलिस आणि दिल्ली एकाच जागी येऊन थांबतात, वाटा निराळ्या असल्या तरी.

ऑलिव्हिया पुढे पॅरिसला राहायला गेली आणि तिथेच म्हातारी झाली. 2017 च्या जूनअखेरीस, एकशेएकावा वाढदिवस एका दिवसावर असताना, तिने पुन्हा लॉस एंजेलिसच्या कोर्टात दावा टाकला. 'फ्यूड' या मालिकेत आपलं पात्र आपल्या परवानगीशिवाय रंगवलं आणि न बोललेलं तोंडी घातलं, अशी तक्रार होती. खालच्या कोर्टाने दावा चालू राहू दिला. मार्च 2018 मध्ये अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर तो फेटाळला. त्र्याहत्तर वर्षांपूर्वी तिला मोकळं करणारं अपील न्यायालय हेच. 2019 च्या जानेवारीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. 26 जुलै 2020 ला ती पॅरिसमध्ये वारली, एकशेचार वर्षांची. कॅलिफोर्नियातले वकील कलम 2855 ला अजूनही तिच्याच नावाने ओळखतात.